तर्जनी वर सरकते : दहा वर्षांच्या मुलीची रॅकेटची पकड बदलावी का?

कोल्हापूरच्या राजारामपुरीत राहणाऱ्या एका पालकांचा प्रश्न असा आहे. त्यांची दहा वर्षांची मुलगी दीड वर्षापासून टेबल टेनिस खेळते. खेळता खेळता तिची तर्जनी रॅकेटच्या मागच्या रबरावर सरकत जवळजवळ मधोमध जाते. फोरहँड जोरात बसतो, पण चेंडू टेबलाबाहेर जातो. बॅकहँड नेटमध्ये अडकतो. एका परिचित खेळाडूने तर्जनी चिकटपट्टीने जागेवर बांधून खेळवायला सांगितले. दुसऱ्याने सुचवले की, तिला चिनी खेळाडूंसारखी पेनहोल्ड, म्हणजे पेन धरावे तशी, पकड शिकवली तर हा प्रश्नच उरणार नाही. यांपैकी काय करावे, आणि दीड वर्षानंतर पकड बदलायला उशीर तर झालेला नाही ना, असे त्यांनी विचारले आहे.

उशीर झालेला नाही. पेनहोल्डकडे तिला वळवू नये आणि बोट तर मुळीच बांधू नये. मात्र तिची पकड आहे तशीही ठेवता येणार नाही, कारण आपण वर्णन केलेल्या दोन्ही चुका एकाच कारणातून येत असाव्यात, असे मला वाटते. हे कारण नीट समजले तर दुरुस्ती सोपी आहे, म्हणून ते थोडे विस्ताराने सांगतो.

आपली मुलगी धरते त्या पकडीला 'शेकहँड' म्हणतात, म्हणजे हस्तांदोलनाला हात पुढे करावा तशी पकड. उजव्या हाताने खेळणाऱ्याने हात पुढे केला की तळवा डावीकडे वळलेला असतो. रॅकेटची वरची कड अंगठा आणि तर्जनी यांच्यामधल्या बेचकीत येते. मधले बोट, अनामिका आणि करंगळी हँडलभोवती सैलसर वळतात. अंगठा फोरहँडच्या बाजूला, रबराच्या खालच्या कडेशी टेकतो आणि तर्जनी बॅकहँडच्या बाजूला, रबराच्या खालच्या कडेला समांतर, जवळजवळ आडवी राहते. एवढेच तिचे मूळ रूप आहे. बेचकी ब्लेडला, म्हणजे रॅकेटच्या लाकडी फळीला, अगदी भिडली तर पकड खोल होते, रॅकेट स्थिर राहते आणि फटक्याला जोर येतो. बेचकी थोडी मागे राहिली तर मनगट अधिक मोकळे होते, सर्व्हिस आणि टेबलावरच्या छोट्या चेंडूंना ते उपयोगी पडते. दोन्ही प्रकारांनी उत्तम खेळणारे खेळाडू आहेत, आणि दहा वर्षांच्या मुलीसाठी या दोहोंच्या मधली जागा पुरेशी आहे.

आता कडेकडे लक्ष द्यावे, कारण सगळी गोम तिथे आहे. वरची कड बेचकीच्या बरोबर मध्यावर असेल तर फोरहँड आणि बॅकहँड या दोन्ही बाजू चेंडूला सारख्याच सामोऱ्या जातात. हीच कड अंगठ्याच्या दिशेने झुकली की फोरहँडची बाजू खाली मिटते आणि बॅकहँडची वर उघडते. ती तर्जनीच्या दिशेने झुकली की नेमके उलटे होते : फोरहँडची बाजू उघडते, म्हणून चेंडू लांब जातो, आणि बॅकहँडची बाजू मिटते, म्हणून चेंडू नेटमध्ये जातो. आपण लिहिलेली लक्षणे हीच आहेत. तर्जनी मागून वर सरकते तेव्हा तळवा तिच्यासोबत हँडलवर किंचित फिरतो आणि कड तर्जनीकडे कलते. मुलीचे दोन फटके वेगवेगळे बिघडलेले नसून रॅकेट हातात थोडी फिरलेली असण्याची शक्यता मोठी आहे. याची खात्री आपण घरीच करू शकता. ती दहा-बारा चेंडू खेळली की तिला आहे त्याच स्थितीत थांबायला सांगावे, हात पुढे करायला सांगावा आणि वरून पाहावे. कड बेचकीच्या मध्यावर आहे की तर्जनीच्या मुळाशी गेली आहे, ते लगेच दिसते. खेळ सुरू होण्याआधी पाहून उपयोग नाही. त्या वेळी प्रत्येक मूल पकड नीटच दाखवते.

बोट वर जाण्याचा दुसरा तोटा मनगटाचा आहे. ब्लेडच्या मधोमध टेकलेली तर्जनी मागून आधार देते, त्यामुळे सुरुवातीला फोरहँडचा सपाट फटका जोरदार बसतो आणि मुलांना तेच आवडते. पण त्याच बोटामुळे मनगट अडकते. पुढे टॉपस्पिन, म्हणजे चेंडूला पुढच्या दिशेने फिरकी देणारा फटका, शिकायची वेळ आली की रॅकेटचे टोक मोकळेपणाने फिरत नाही. बॅकहँडला तर चेंडू थेट बोटावर आदळू शकतो. नियमाने त्यात चूक नाही, कारण रॅकेट धरलेल्या हाताचा मनगटाखालचा भाग चेंडूला लागला तरी तो फटका वैध असतो. पण बोटावरून गेलेला चेंडू कुठे जाईल हे कोणालाच सांगता येत नाही.

बोट बांधायला मी विरोध का करतो, तेही सांगतो. बोट वर सरकते ते खोडी म्हणून नव्हे. हाताला रॅकेट सांभाळत नाही, म्हणून बोट आधार शोधत वर जाते. मोठ्या माणसांची, दोन्ही बाजूंना जाड रबर लावलेली रॅकेट साधारण 180 ग्रॅमच्या आसपास भरते, आणि ती दोन-दोन तास हातात धरायची असते. दहा वर्षांच्या मुलीच्या मनगटाला हे वजन जाणवतेच. माझ्याकडे येणाऱ्या लहान मुलांमध्ये बोट वर नेणाऱ्यांच्या हातात बहुतेक वेळा घरातल्या दादाची जुनी रॅकेट असते, किंवा 'मोठी झाल्यावरही चालेल' म्हणून घेतलेली महागडी आणि जड रॅकेट असते. बोट बांधले तर आधाराची गरज तशीच राहते. मग मूल बाकीची तीन बोटे आवळते, खांदा वर उचलते, आणि आपण एका चुकीच्या जागी तीन चुका बसवतो. त्यामुळे आधी रॅकेट पाहावी. हलके ब्लेड, पातळ स्पंजची रबरे आणि हाताला पेलेल असे बारीक हँडल घ्यावे. शेवटाकडे रुंद होत जाणारे हँडल हातातून निसटत नाही, म्हणून लहान मुलांना ते सहसा बरे पडते. सरळ हँडलवर रॅकेट हातात फिरवणे सोपे जाते, पण त्याची गरज तिला आत्ता नाही. हँडल जाड वाटत असेल तर बारीक पॉलिश पेपरने थोडे घासून घेता येते. मी अनेक मुलांची हँडले स्वतः घासून दिली आहेत, आणि कित्येकदा तेवढ्यानेच बोट आपोआप खाली आलेले पाहिले आहे.

आपल्या कोल्हापुरात यात पावसाळ्याची भर पडते. जूनपासून चार महिने हवा इतकी दमट असते की हँडल ओलसर होते, हात घसरतो, आणि घसरणारी वस्तू माणूस अधिक घट्ट धरतो. त्यावर उपाय म्हणून हँडलला बॅडमिंटनच्या रॅकेटसारखी पट्टी गुंडाळणारी मुले मी दर वर्षी पाहतो. त्याने घाम शोषला जातो हे खरे, पण हँडल जाड होते, कडेची जाणीव बोटांना राहत नाही आणि मूळ दुखणे वाढते. सोबत सुती नॅपकिन ठेवावा आणि सरावात दर काही मिनिटांनी हात व हँडल दोन्ही पुसायची सवय लावावी. सामन्यातही प्रत्येक 6 गुणांनंतर घाम पुसायला थोडा वेळ घेता येतो; तो हक्क मुलांना आठवणीने शिकवावा.

घट्ट धरणे हा पकडीतला सर्वांत मोठा दोष आहे, असे माझे ठाम मत आहे. बोटांची मांडणी बोटभर इकडेतिकडे असली तरी चालून जाते, पण मूठ आवळली की काहीच चालत नाही. आपल्याकडची मुले क्रिकेट खेळून येतात, फुटबॉलच्या मैदानावरून येतात, काहींच्या घरात तालमीचा वारसा असतो. जोर लावणे म्हणजे खेळणे, हे त्यांच्या अंगातच असते. अशा घरातल्या मुलांना मी त्यांच्याच आजोबा-काकांना विचारायला सांगतो की, कुस्तीत हात आधीपासून आवळून ताठ ठेवणाऱ्या मल्लाचे काय होते. त्याचा दम डाव लागण्याआधीच संपतो. मल्लाचा हात मोकळा असतो, तो चाचपडत असतो, आणि पकड बसायच्या क्षणी आवळतो. रॅकेटचेही तसेच आहे. चेंडूचा व्यास 40 मिलिमीटर आणि वजन अवघे 2.7 ग्रॅम, त्याला मारण्यासाठी मुठीच्या ताकदीची गरज नाही. चेंडू येईपर्यंत हात सैल, रबराला चेंडू लागताना बोटे क्षणभर आवळलेली आणि लगेच पुन्हा सैल, हा क्रम साधला की वेग आणि फिरकी दोन्ही येतात. सैलपणा तपासायला सोपी रीत आहे. मुलगी तयारीच्या पवित्र्यात उभी असताना तिच्या नकळत रॅकेटचे टोक हलकेच ओढावे. थोडा विरोध होऊन रॅकेट हलली तर ठीक. हातासकट खांदा ओढला गेला तर मूठ आवळलेली आहे.

आता पेनहोल्डविषयी. ही पकड कमी दर्जाची आहे म्हणून मी नको म्हणत नाही. उलट तिचा इतिहास फार मोठा आहे आणि त्याचे एक टोक आपल्या महाराष्ट्रात आहे. 1952 साली जागतिक स्पर्धा प्रथमच आशियात झाली, ती मुंबईत. तिथे जपानचा हिरोजी सातो जाड स्पंजची रॅकेट पेनसारखी धरून आला आणि पुरुष एकेरीचा विजेता होऊन गेला. त्यानंतर जपानचा इचिरो ओगिमुरा, 1959 मध्ये चीनचा रोंग ग्वोथ्वान, 1961 पासून सलग तीन वेळा च्वांग झदोंग, असे पेनहोल्डचे युगच सुरू झाले.

या पकडीत हँडल वर आणि ब्लेडचे टोक खाली असते. अंगठा आणि तर्जनी पुढून हँडलला लेखणीसारखी कवेत घेतात आणि उरलेली तीन बोटे मागच्या बाजूला टेकतात. चिनी पद्धतीत ती तीन बोटे वळवून एकावर एक ठेवतात. जपानी आणि कोरियन पद्धतीत ती बरीचशी सरळ पसरतात, तिथले ब्लेड आयताकृती असते आणि हँडलवर तर्जनी अडकवण्यासाठी बुचाचा उंचवटा असतो. मनगट इतके मोकळे राहते की सर्व्हिस आणि नेटजवळचा छोटा खेळ विलक्षण धारदार होतो. जुन्या पद्धतीत फोरहँड आणि बॅकहँड रॅकेटच्या एकाच बाजूने खेळले जात, त्यामुळे अंगावर आलेल्या चेंडूला कोणती बाजू लावावी, हा शेकहँड खेळाडूला नेहमी सतावणारा गोंधळ जवळजवळ नव्हता.

त्याची किंमत पाय मोजत असत. बॅकहँडच्या कोपऱ्यातून जोरदार हल्ला करायचा तर धावत वळसा घेऊन फोरहँडच मारावा लागे. 2004 च्या अथेन्स ऑलिंपिकचा पुरुष एकेरीचा अंतिम सामना या दृष्टीने मुद्दाम पाहावा. दोन्ही खेळाडू पेनहोल्डचेच होते. कोरियाचा र्यू स्युंग-मिन जुन्या धाटणीने, पायांच्या बळावर सगळे टेबल फोरहँडने व्यापणारा. आणि चीनचा वांग हाव रॅकेटच्या मागच्या बाजूला रबर लावून त्या बाजूने बॅकहँड टॉपस्पिन मारणारा. त्या दिवशी र्यू 4–2 असा जिंकला, पण पुढचा काळ वांग हावच्या तंत्राचा ठरला. ल्यू ग्वोल्यांगने 1990 च्या दशकात सामन्यात वापरून दाखवलेला हा मागच्या बाजूचा बॅकहँड वांग हावने आपला मुख्य फटका केला आणि 2009 मध्ये तो जागतिक विजेता झाला. आज पेनहोल्ड शिकायची म्हणजे हा बॅकहँड शिकावाच लागतो. 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये एकेरीचे कांस्यपदक मिळवणारा फ्रान्सचा फेलिक्स लब्रँ याच वाटेने खेळतो, आणि तो लहानपणापासून असाच खेळत आला आहे.

हे सगळे लक्षात घेऊनच मी नको म्हणतो. मागच्या बाजूचा बॅकहँड शिकवायला तो स्वतः खेळलेला किंवा निदान वर्षानुवर्षे शिकवलेला माणूस जवळ हवा. आपल्या भागात शेकहँड शिकवणारे चांगले प्रशिक्षक आहेत. पेनहोल्डचे खाचखळगे माहीत असलेला प्रशिक्षक मिळणे कठीण आहे. एखादे मूल पहिल्याच दिवशी रॅकेट सहज तशी धरू लागले आणि त्याचे पाय चपळ असले तर मी त्याला अडवणार नाही. परंतु दीड वर्ष शेकहँडने खेळलेल्या मुलीला एका बोटासाठी दुसऱ्या पकडीकडे वळवणे म्हणजे तिने शिकलेले सगळे पुसून टाकणे आहे. शिवाय चीनचे आजचे बहुतेक अव्वल खेळाडू शेकहँडच आहेत.

अमेरिकेचा डॅनी सीमिलर तर्जनी ब्लेडच्या कडेवर वळवून एकाच बाजूने दोन्हीकडचे फटके मारत असे, आणि तो पाच वेळा अमेरिकेचा राष्ट्रीय विजेता झाला. त्याच्या नावाने ती पकड ओळखली जाते. आपल्या मुलीचे वर गेलेले बोट पाहून कोणी 'ही सीमिलर पकड आहे, राहू द्या' म्हणाले तर तेही मानू नये. दोन्हींचा काही संबंध नाही.

दुरुस्तीसाठी मी साधारण सहा आठवडे धरतो. पहिले दोन आठवडे सामने नकोत. गुण मोजायला सुरुवात झाली की हात जुन्या पकडीकडे धावतो, हे मी अनेकदा पाहिले आहे. या काळात रोज दहा मिनिटे आरशासमोर चेंडूशिवाय फोरहँड-बॅकहँडचे फटके मारावेत आणि प्रत्येक पाच फटक्यांनंतर थांबून कड पाहावी. हँडलच्या वरच्या कडेवर बॉलपेनने एक रेघ ओढून ठेवली तर मुलीला स्वतःलाच कळते. त्यानंतर चेंडू रॅकेटवर उडवण्याचा खेळ घ्यावा : एकदा फोरहँडच्या बाजूने, एकदा बॅकहँडच्या, असे आलटून पालटून, आधी वीस, मग पन्नास, मग शंभर. हात न फिरवता दोन्ही बाजूंनी चेंडू सरळ वर जात असेल तर कड मध्यावर आहे, असे खुशाल समजावे. टेबलावर आल्यावर सुरुवात बॅकहँडने करावी, कारण तर्जनी खाली आल्याचा फायदा तिला तिथे आधी जाणवेल. फोरहँड पहिले काही दिवस कमजोर वाटेल, तिचा हिरमोड होईल, आणि 'आधीचेच बरे होते' असे ती म्हणेल. त्या दिवसांत घरच्यांनी धीर द्यावा. जोर मागाहून येतो.

तिसऱ्या आठवड्यापासून सर्व्हिस घ्यावी, आणि ती काळजीपूर्वक. बरेच शेकहँड खेळाडू सर्व्हिस करताना शेवटची तीन बोटे हँडलवरून सोडतात आणि रॅकेट फक्त अंगठा व तर्जनीत धरतात, म्हणजे मनगट लंबकासारखे फिरते. मुले हे टीव्हीवर पाहून उचलतात आणि ते चांगलेच आहे. अडचण पुढे येते. सर्व्हिस झाल्यावर प्रतिस्पर्ध्याचा चेंडू परत येईपर्यंत मूळ पकड बसायला हवी, आणि सरकलेल्या बोटाची सुरुवात पुष्कळदा याच क्षणी होते. म्हणून मी मुलांना सर्व्हिस करून लगेच पवित्र्यात थांबायला लावतो, परतीचा चेंडू न खेळता फक्त पकड तपासायला लावतो. असे रोज तीस-चाळीस वेळा झाले की पुढे बोटे आपली आपण जागेवर येतात. सैल हाताचा आणखी एक उपयोग आपल्याच देशातल्या खेळाडूत दिसतो. मनिका बत्रा बॅकहँडला लांब पुळ्यांचे, म्हणजे पृष्ठभागावर लांब दाणे असलेले, रबर वापरते आणि रॅलीच्या मध्येच रॅकेट हातात उलटी फिरवून बाजू बदलते. आवळलेल्या मुठीने हे कोणालाच साधणार नाही.

पकड बदलण्यातला धोका मी स्वतः भोगला आहे, म्हणून वेळेविषयी एवढे आग्रहाने लिहितो. चौदा वर्षांचा असताना, निवड स्पर्धेला दहा दिवस उरले असताना, मला शिकवणाऱ्या एका गृहस्थांनी माझा अंगठा वर घेतला होता. सल्ला चुकीचा नव्हता, वेळ चुकीची होती. स्पर्धेत नवी पकड टिकली नाही आणि जुनीवर विश्वास उरला नाही. त्या दोन-तीन सामन्यांत माझा बॅकहँड जणू कोणा दुसऱ्याचा होता, आणि तो परत माझा व्हायला पुढचे अख्खे वर्ष गेले. तेव्हापासून स्पर्धेच्या तोंडावर मी कोणाच्याही बोटाला हात लावत नाही. मोठ्या वयाचा खेळाडू असेल, पकड दिसायला वेगळी असेल, पण दोन्ही बाजूंचे फटके बसत असतील, तर तीही मी तशीच राहू देतो.

आपल्या मुलीच्या बाबतीत फटके बसत नाहीत, वय लहान आहे, आणि कारण स्पष्ट आहे, म्हणून बदल करावा. येत्या शालेय स्पर्धेला सहा आठवड्यांहून अधिक वेळ असेल तर लगेच सुरुवात करावी. कमी असेल तर स्पर्धा जुन्याच पकडीने खेळू द्यावी आणि दुसऱ्या दिवशीपासून काम हाती घ्यावे. रॅकेट बदलायची असल्यास तीही स्पर्धेनंतरच, आणि विकत घेताना मुलीला सोबत न्यावे. दुकानात पाच मिनिटे रॅकेट हातात धरून उभे राहू द्यावे, आणि त्या पाच मिनिटांत तिचे बोट वर गेले तर ती रॅकेट तिथेच परत ठेवावी.